मुलांची ऑनलाइन सुरक्षितता: घरात काय करावे, कायद्याकडून काय मागावे

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेसाठी आपल्याकडे कायदेच नाहीत, अशी तक्रार पालकसभांमध्ये नेहमी ऐकू येते. ती वस्तुस्थितीला धरून नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला पॉक्सो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६७-ब, ज्याने मुलांची लैंगिक स्वरूपाची चित्रे पसरवणे हा गुन्हा ठरतो. समाजमाध्यमांच्या कंपन्यांना लागू असलेले २०२१ चे नियम. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा २०२५ चा कायदा, इतकी शस्त्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील काही चांगलीच धारदार आहेत. खरी अडचण अशी की, यांतील फौजदारी कायदे तक्रार आल्यावरच हलतात आणि तक्रार बहुधा तेव्हाच येते, जेव्हा मूल घरातल्या कोणाला तरी घडलेली गोष्ट सांगते. त्यामुळे पालकांची जबाबदारी दुहेरी ठरते: मूल बोलू शकेल अशी घरातली स्थिती राखणे, आणि ते बोलल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत पुरावा न बिघडवता कायद्याला कामाला लावणे. हे मार्गदर्शन याच दोन कामांविषयी आहे.

फोनवर वय कोणाचे आहे?

बहुतेक घरांत मुलाचा पहिला फोन हा त्याचा नसतोच. तो आईचा, बाबांचा किंवा आजोबांचा असतो, आणि त्यावरील गूगल खाते चाळीस किंवा सत्तर वर्षांच्या माणसाचे असते. या साध्या गोष्टीचे परिणाम मोठे आहेत. कंपन्यांनी मुलांसाठी केलेल्या साऱ्या सोयी खात्यावर नोंदवलेल्या वयावर चालतात, आणि कायद्याने कंपन्यांवर घातलेली बंधनेही व्यवहारात त्याच नोंदीपाशी येऊन थांबतात. वडिलांच्या खात्यावर यूट्यूब पाहणारे सात वर्षांचे मूल कंपनीच्या दृष्टीने वडीलच असते. त्यामुळे त्याला जाहिरातीही मोठ्यांच्या दिसतात, सुचवले जाणारे व्हिडिओही मोठ्यांचेच असतात आणि अनोळखी व्यक्तीचा संदेश अडवण्याचे कोणालाही कारण उरत नाही.

म्हणून पहिले काम मुलाच्या खऱ्या जन्मतारखेने वेगळे खाते उघडण्याचे. अँड्रॉइड फोनवर गूगलच्या फॅमिली लिंकमधून असे खाते पालकांच्या खात्याला जोडता येते. मग नवे ॲप उतरवण्यापूर्वी परवानगीची विनंती पालकांच्या फोनवर येते आणि वापराची मर्यादाही ठरवता येते. आयफोनवर हेच काम फॅमिली शेअरिंग आणि स्क्रीन टाइममधून होते. स्वतंत्र फोन घेणे शक्य नसेल, तर लहान मुलांसाठी निदान यूट्यूब किड्स वेगळे ठेवावे आणि प्ले स्टोअरमधील प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड बंधनकारक करावा. आजी-आजोबांच्या फोनकडे विशेष लक्ष द्यावे, कारण नातवंडांना तो सर्वांत सहज मिळतो आणि त्याच फोनवर पेन्शनचे खाते यूपीआयला जोडलेले असते. यूपीआयचा पिन नातवाला ठाऊक असणे ही अनेक घरांत कौतुकाची गोष्ट समजली जाते. ती बंद करावी.

व्हॉट्सॲपमध्ये दोन गोष्टी आजच कराव्यात. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल, या पर्यायापुढे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडावे, म्हणजे अनोळखी माणूस मुलाला परस्पर एखाद्या ग्रुपमध्ये टाकू शकणार नाही. तसेच फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी. ही दुसरी सूचना केवळ जागा वाचवण्यासाठी नाही. तिचे कायदेशीर कारण पुढे येईल. इन्स्टाग्रामने २०२५ पासून भारतात अल्पवयीनांसाठी वेगळी ‘टीन अकाउंट’ व्यवस्था आणली आहे. तीत खाते मुळातच खासगी राहते, अनोळखी लोकांचे संदेश अडवले जातात आणि सोळा वर्षांखालील मुलाला ही बंधने सैल करायची असतील तर पालकांची संमती लागते. मात्र मुलाने खाते उघडताना जन्मसाल २००० टाकलेले असेल, तर यांतले काहीच लागू होत नाही. मुलाशेजारी बसून ते साल तपासावे. रागावण्याची गरज नाही, कारण कित्येक घरांत ते साल पालकांनीच घालून दिलेले असते.

या कंपन्यांच्या अटींमध्ये सर्वत्र दिसणारी तेरा वर्षांची अट भारतीय कायद्यातून आलेली नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेचा कायदा करताना तेरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक केली आणि कंपन्यांनी तीच सीमा जगभर वापरली. आपल्याकडे पॉक्सो आणि डेटा संरक्षण कायदा या दोन्हींत मूल म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली असून, तेथे दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी भारतातील नातलगांच्या नावाने मुलांना खाते काढून देण्याचा सोपा मार्ग धरू नये, कारण मग वर सांगितलेलीच स्थिती होते: मूल आहे, पण कोणत्याही नोंदीत ते मूल नाही.

सेटिंगपेक्षा अवघड काम

मुलांना जाळ्यात ओढण्याची पद्धत फारशी बदललेली नाही. अनोळखी व्यक्ती एखाद्या खेळाच्या चॅटमध्ये भेटते, आपणही आठवीत किंवा नववीत असल्याचे सांगते, खेळातले डायमंड किंवा एखादा स्किन (पात्राचा नवा पेहराव) भेट देते, मग बोलणे त्या खेळातून इन्स्टाग्रामवर, टेलिग्रामवर किंवा डिस्कॉर्डवर नेते. काही दिवस आई-बाबांविषयीच्या तक्रारी सहानुभूतीने ऐकून घेते. त्यानंतर ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असे म्हणते आणि फोटो मागते. पहिला फोटो साधा असतो, दुसरा तसा नसतो, आणि तिसरा धमकी देऊन घेतला जातो. याच मार्गाने पैसेही उकळले जातात, आणि तेव्हा लक्ष्य बहुधा किशोरवयीन मुलगे असतात. ‘आमचा मुलगा आहे, त्याची काय काळजी’ असे म्हणणाऱ्या पालकांनी हे विशेषत्वाने ध्यानात घ्यावे.

या साखळीत मुलाला ओळखता येतील अशा तीन जागा आहेत: दुसऱ्या ॲपवर येण्याचा आग्रह, गुपित राखण्याची अट आणि फोटोची मागणी. ‘अनोळखी माणसांशी बोलू नकोस’ हा उपदेश ऑनलाइन खेळणाऱ्या मुलाच्या दृष्टीने निरर्थक असतो, कारण खेळातले सर्वच अनोळखी असतात आणि दोन आठवड्यांनी तो माणूस मुलाला अनोळखी वाटतही नाही. त्याऐवजी या तीन जागा नेमक्या सांगाव्यात आणि यांपैकी एक जरी आली तरी घरात सांगायचे, एवढाच नियम ठेवावा. सात-आठ वर्षांच्या मुलालाही तो कळतो.

तरीही मुले सांगत नाहीत, आणि त्याचे कारण लाज एवढेच नसते. फोन काढून घेतला जाईल ही भीती त्याहून मोठी असते. मुलाच्या जगात मित्र, वर्ग, क्लासच्या नोट्स आणि करमणूक सारे त्या फोनमध्ये असते. तो गेला तर शिक्षा गुन्हेगाराला नव्हे, आपल्याला झाली, असे त्याला वाटते आणि ते फारसे चुकीचेही नाही. म्हणून पालकांनी शांत वेळी, काहीही घडलेले नसताना, स्पष्ट शब्दांत वचन द्यावे: ‘कोणी त्रास दिला, धमकावले, किंवा तू स्वतः काही पाठवून बसलास आणि आम्हाला येऊन सांगितलेस, तर त्या कारणासाठी तुझा फोन काढून घेतला जाणार नाही आणि आधी तुला सोडवू, बाकीचे नंतर पाहू.’ हे वचन पाळणे कठीण असते. पहिल्याच प्रसंगी आवाज चढला, तर दुसरा प्रसंग आपल्या कानावर येत नाही. पोलिसांना तपासासाठी फोन द्यावा लागू शकतो, हेही याच वेळी प्रामाणिकपणे सांगून ठेवावे आणि तसे झाल्यास दुसरी सोय करू, असेही सांगावे.

मुलाच्या नकळत फोनमध्ये हेरगिरीचे ॲप टाकण्याकडे अनेक पालकांचा कल असतो. लहान मुलासाठी उघडपणे लावलेली मर्यादा आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर लपून ठेवलेली पाळत यांत फरक केला पाहिजे. पाळत उघडकीस आली की मूल दुसरे खाते उघडते, मित्राच्या फोनवरून वावरते आणि आपल्याला आधी जेवढे दिसत होते तेवढेही दिसेनासे होते. शिवाय अशी अनेक ॲप स्वतःच मुलाचा सर्व मजकूर कोणत्या तरी परक्या सर्व्हरवर पाठवत असतात. दहा वर्षांपर्यंत फोन बैठकीच्या खोलीत वापरायचा, रात्री सर्वांचे फोन, पालकांचेसुद्धा, एका जागी चार्जिंगला लावायचे, आणि पुढे वयानुसार बंधने सांगून-सवरून सैल करत जायची, ही पद्धत संथ असली तरी टिकते.

पालकांनी स्वतःच्या पोस्टकडेही पाहावे. शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेशातला फोटो, त्यात ओळखपत्र, मागे शाळेची पाटी आणि खाली मुलाचे पूर्ण नाव, एवढ्या एका पोस्टमध्ये मुलाचा पत्ता सोडून सर्व माहिती जगजाहीर होते. सार्वजनिक पोस्टमधील चेहरा उचलून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी नग्न चित्र तयार करणे आज कोणालाही जमते. बारशापासूनचे सारे अल्बम खुले ठेवण्याचे काहीही कारण नाही.

कंपन्यांकडून काय मागता येते

२०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक समाजमाध्यम कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क प्रसिद्ध करावा लागतो. कोणाचे नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचे चित्र, किंवा फेरफार करून बनवलेले तसे चित्र प्रसारित झाले असेल, तर ती व्यक्ती किंवा तिच्या वतीने दुसरे कोणी तक्रार करू शकते आणि कंपनीने असा मजकूर त्वरित काढणे बंधनकारक आहे. मूळ नियमांत यासाठी चोवीस तासांची मुदत ठेवली होती. कंपनीच्या उत्तराने समाधान न झाल्यास तक्रार अपिलीय समितीकडे तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येते. ॲपमधले ‘रिपोर्ट’ बटण दाबणे आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने लेखी तक्रार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही कराव्यात, कारण अपिलाच्या वेळी दुसऱ्या मार्गाची नोंद हाताशी असलेली बरी.

डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक केली आहे आणि मुलांच्या वर्तनाचा माग ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई केली आहे. भंग झाल्यास दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची सवलत दिली गेली. ही व्यवस्था लागू झाली की पालकांपुढे परवानगीच्या विनंत्या येऊ लागतील. जेवता-जेवता, न वाचता ‘होय’ दाबले, तर कायद्याने पालकांच्या हाती दिलेली किल्ली आपणच परत केल्यासारखे होईल.

प्रसंग ओढवल्यास

मूल येऊन सांगते, किंवा आपल्या नजरेस पडते, त्या क्षणापासून पुढच्या कृतींचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम मुलाचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे आणि उलटतपासणी घेऊ नये. सविस्तर जबाब घेण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीचे आहे, आणि घरात दहा वेळा सांगायला लावल्याने मुलाला त्रास होतो व तपशीलही ढवळले जातात.

धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकदा पैसे मिळाले की मागणी थांबत नाही, वाढते. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे, कारण लवकर कळवल्यास ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता असते. समोरच्याला शिवीगाळ करणे, ‘पोलिसांत जातो’ असे बजावणे किंवा त्याच्या घरी चाल करून जाणे हे सर्व टाळावे. त्याने तो सावध होऊन खाते पुसून टाकतो. मुलाचे खातेही रागाच्या भरात डिलीट करू नये. संवाद थांबवावा, पण चॅट जपावे.

पुरावा गोळा करताना त्या व्यक्तीचे नाव नव्हे, तर वापरकर्तानाव, प्रोफाइलचा पूर्ण दुवा, मोबाइल क्रमांक, यूपीआय आयडी, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. दाखवलेले नाव क्षणात बदलता येते, दुवा मागे सापडतो. धमकीच्या मजकुराचे स्क्रीनशॉट घ्यावेत. मुलाच्या आक्षेपार्ह चित्राचे घेऊ नयेत. मूळ फोन जसाच्या तसा ठेवावा, फॅक्टरी रीसेट करू नये, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते आणि मूळ उपकरण उपलब्ध असल्यास ते काम सुकर होते.

येथे अनेक सुशिक्षित घरे घसरतात. मुलीचे चित्र पसरल्याचे कळताच काका, मामा, सोसायटीतील ओळखीचे पोलीस आणि वकील अशा सर्वांना ते चित्र ‘पाहा, काय प्रकार आहे’ म्हणून पाठवले जाते. हेतू कितीही चांगला असला, तरी मुलाचे लैंगिक स्वरूपाचे चित्र पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाखांपर्यंत दंड अशी त्याची शिक्षा आहे. पॉक्सोच्या कलम १५ खाली असे साहित्य विशिष्ट हेतूने बाळगणे हाही गुन्हा आहे, आणि २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ व्यापक लावून, असे साहित्य न पुसता किंवा न कळवता ठेवून देणाऱ्याची जबाबदारी स्पष्ट केली. व्हॉट्सॲपवर फोटो आपोआप उतरवण्याची सोय बंद करावी, असे वर म्हटले ते याचसाठी. ‘हा नराधम पकडला जाईपर्यंत फॉरवर्ड करा’ अशा आवाहनासह एखाद्या अनोळखी मुलाचा व्हिडिओ फिरतो, तेव्हाही तो पुढे न पाठवता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवावा आणि त्या मुलाच्या अब्रूचा विचार करून ती साखळी आपल्यापाशी तोडावी. महाराष्ट्र सायबर विभागाने ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ या मोहिमेत असे साहित्य पसरवणाऱ्यांवर राज्यभर गुन्हे दाखल केले आहेत.

चित्र खोटे आहे, संगणकावर बनवलेले आहे, म्हणून गुन्हा होत नाही, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. २०१९ च्या दुरुस्तीने पॉक्सोमधील व्याख्येत खऱ्या मुलापासून वेगळे ओळखता न येणारे संगणकनिर्मित चित्र आणि मूल दिसेल अशा रीतीने फेरफार केलेले चित्र या दोन्हींचा समावेश झाला आहे. असे खरे किंवा बनावट चित्र वापरण्याची लैंगिक हेतूने नुसती धमकी देणे, किंवा त्याच हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक मार्गाने वारंवार संपर्क साधणे हेही कलम ११ खाली लैंगिक छळात मोडते. चित्र पसरण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

चित्र काढून टाकण्यासाठी कंपनीकडे तक्रार करण्याखेरीज ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा वापरता येते. तीत चित्र कोठेही पाठवावे लागत नाही. आपल्याच फोनवर त्या चित्राचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्या मंचावरील प्रती शोधतात. अठरा वर्षांखालील व्यक्तीची चित्रे शोध-निकालांतून काढण्याची विनंती मूल किंवा पालक गूगललाही करू शकतात.

पोलीस ठाण्यात

राष्ट्रीय पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन येथे, महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि तेथे नाव न देताही माहिती देता येते. आपल्याच मुलाचा प्रश्न असेल, तर नाव देऊन, पाठपुरावा करता येईल असा पर्याय निवडावा. पण पोर्टलवर थांबू नये; पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येतो. ‘सायबरचे आहे, आयुक्तालयात जा’ किंवा ‘आधी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो’ असे उत्तर मिळाल्यास शांतपणे पॉक्सोच्या कलम १९ आणि २१ चा उल्लेख करावा: खबर लेखी नोंदवून, तिला क्रमांक देऊन ती वाचून दाखवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे आणि नोंद न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते.

हीच कलमे पालकांनाही लागू होतात, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गुन्हा घडल्याचे कळूनही न कळवणे हा स्वतंत्र अपराध आहे. ‘मुलीचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण घरात मिटवण्याचा निर्णय माणूस म्हणून समजण्यासारखा असला, तरी कायद्याने तो पालकांच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्याबदल्यात कायद्याने गोपनीयतेची हमी दिली आहे. मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र असे ओळख पटवणारे काहीही प्रसिद्ध करणाऱ्या माध्यमाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, पालकांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते, आणि समिती मुलासाठी सहायक व्यक्ती देऊ शकते. ती मागून घ्यावी, कारण तारखा, कागद आणि न्यायालयातली भाषा यांत ती व्यक्ती खरोखर उपयोगी पडते. बालक म्हणून विनामूल्य वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मूल खचले असेल तर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलि-मानस सेवा चोवीस तास उपलब्ध आहे. जिवाला धोका वाटल्यास ११२.

शाळेविषयी थोडक्यात: महाराष्ट्रातील शाळांमध्ये २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, आपल्या शाळेत ती आहे का आणि तिची बैठक कधी झाली, हे पालकसभेत विचारावे. मुख्याध्यापकांना गुन्हा कळल्यास ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून समज देऊन सोडण्याचा अधिकार नाही. कळवण्याचे बंधन त्यांच्यावरही आहे.

आपल्याच मुलाने केले असेल तर

वर्गातल्या मुलीचे बनावट चित्र बनवणारा, किंवा आलेले चित्र ग्रुपवर टाकणारा, हा बहुधा सराईत गुन्हेगार नसतो. तो कोणाचा तरी पंधरा वर्षांचा मुलगा असतो, आणि त्याच्या आई-वडिलांना आधी ते खोटेच वाटते. अशा वेळी मुलाच्या फोनमधील मजकूर घाईने पुसून पुरावा नष्ट करू नये. फोन बंद करून बाजूला ठेवावा, प्रसार तेथेच थांबवावा आणि लगेच वकिलाचा सल्ला घ्यावा. पीडित मुलीच्या घरी जाऊन तक्रार मागे घेण्यासाठी गळ घालणे हा दबाव समजला जाऊ शकतो आणि त्याने मुलाची बाजू अधिक बिघडते.

अठरा वर्षांखालील आरोपीचे प्रकरण बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळापुढे चालते. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि त्याचेही नाव प्रसिद्ध करता येत नाही. मंडळाचा भर समुपदेशन, सामाजिक सेवा आणि देखरेख यांवर असतो, व सामान्यतः अशा निर्णयामुळे पुढील आयुष्यात अपात्रता येत नाही. तरीही कायदा एका बाबतीत अजून आखूड पडतो: सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी परस्परसंमतीने एकमेकांना पाठवलेली चित्रे आणि धमकावून मिळवलेली चित्रे यांत तो पुरेसा फरक करत नाही, त्यामुळे स्वतःचे चित्र पाठवणारे मूलही कागदोपत्री अडचणीत येऊ शकते. ही गोष्ट दहावी-अकरावीच्या मुलांना घाबरवण्यासाठी नव्हे, तर ठाऊक असावी म्हणून पालकांनी एकदा स्पष्ट सांगावी, आणि शक्य असल्यास ती आईने मुलीला व बाबांनी मुलाला अशी वाटणी न करता दोघांनी मिळून, मुलगा असो वा मुलगी, सारख्याच शब्दांत सांगावी.